हुमच्याच्या वाटेवर : चर्मपक्षी आणि त्यांच्या गोचिडी

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे दर्शन घेऊन हुमच्याकडे निघालेल्या यात्रेकरूंचे लक्ष पुढच्या मुक्कामाकडे लागलेले असते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, इ.स. १२०४ च्या सुमारास उभी राहिलेली ही काळ्या पाषाणाची बस्ती, तिच्या छतातून उमललेले बहात्तर पाकळ्यांचे कमळ आणि गर्भगृहातील भगवान नेमिनाथांची शांत मूर्ती मनात साठवून गाड्या महामार्गाला लागतात. धारवाड-हुबळीपर्यंत काळी जमीन सोबत करते. हुबळी सोडून शिरसीची वाट धरली की माती तांबडी होते, हवेत ओलावा येतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सुपारीची उंच, सडपातळ झाडे सुरू होतात. येथून मलनाड लागतो, म्हणजे डोंगरांचा मुलूख. शिरसीजवळ सोंद्याचा प्राचीन जैन मठ आहे. पुढे सोरब, सागर आणि मग होसनगर तालुक्यातील होंबुज, म्हणजेच आपले हुमचा. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतील कितीतरी श्रावक कुटुंबांचा पद्मावती मातेला दरवर्षी एकदा तरी येण्याचा नेम असतो.

या वाटेवरच्या देवस्थानांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच वाटेवर, त्याच डोंगरांच्या पोटात आणि क्वचित त्याच जुन्या बस्त्यांच्या छतांच्या फटींत राहणाऱ्या एका जीवसृष्टीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. ती आहे वटवाघळांची आणि वटवाघळांच्या अंगावर उपजीविका करणाऱ्या गोचिडींची. विषय ऐकून कोणी नाक मुरडेल. पण मलनाडात यात्रेला जाणाऱ्याने, आणि विशेषतः तेथून विहार करणाऱ्या त्यागीजनांच्या व्यवस्थेत असणाऱ्याने, तो समजून घेणे अगत्याचे आहे.

बेळगावहून पश्चिमेला वळले तर खानापूर तालुक्यात भीमगडचे अरण्य लागते. म्हादई नदी याच परिसरात उगम पावते. तळेवाडी गावाजवळच्या रानात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी चालवली होती, त्या काळात, १९१२ साली, एस. एच. प्रेटर यांना या गुहांत एक मोठ्या कानांचे, मुक्त शेपटीचे वटवाघूळ आढळले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी सोसायटीचे एक आधारस्तंभ रॉटन यांच्या सन्मानार्थ त्याचे नामकरण केले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे हा प्राणी साऱ्या जगात या एकाच ठिकाणी आहे, असे मानले जात होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही तो सापडला. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, म्हणजे कायद्याच्या लेखी त्याचे मोल वाघाइतकेच. भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो २०११ साली. एवढ्याशा प्राण्याने एवढ्या मोठ्या जंगलाच्या रक्षणाला बळ द्यावे, हे नवलच आहे.

वटवाघूळ आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हते. आकाशात संचार करणाऱ्या जीवांचे वर्गीकरण करताना त्यांनी रोमपक्षी आणि चर्मपक्षी असा भेद केला. ज्यांचे पंख पिसांचे ते रोमपक्षी आणि ज्यांचे पंख कातड्याचे ते चर्मपक्षी. वटवाघूळ हे चर्मपक्ष्याचे ठळक उदाहरण. आधुनिक प्राणिशास्त्र त्याला पक्षी न मानता सस्तन प्राणी मानते, हे खरे. पण पिसांचा पंख आणि कातड्याचा पंख या दोन गोष्टी एक नव्हेत, हे निरीक्षण पक्के आहे.

गोचिडीच्या बाबतीत तर शास्त्रकारांची दृष्टी अधिकच सूक्ष्म ठरते. मुंग्या, उवा, ढेकूण यांच्या पंक्तीत गोचिडीसारख्या जीवांना त्रींद्रिय म्हटले जाते. त्यांना स्पर्श, रस आणि गंध ही तीन इंद्रिये असतात. चक्षू आणि श्रोत्र नसतात. शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरणा’तील त्रींद्रियांच्या यादीत गाईगुरांच्या अंगावरील ‘गोकीड’ जातीच्या जीवांचा उल्लेख येतो. मराठीतील ‘गोचीड’ या शब्दाशी त्याचे नाते जुळते काय, हे भाषापंडितांनी पाहावे. आजचे प्राणिशास्त्र सांगते की गोचिडींच्या कित्येक कुळांना डोळे नसतातच. वटवाघळांवर राहणाऱ्या इक्सोडीस आणि आर्गस या दोन्ही कुळांतील गोचिडी नेत्रहीन आहेत. त्यांच्या पुढच्या पायांच्या टोकाशी एक सूक्ष्म खळगा असतो. त्याने त्या गंध, श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि देहाची ऊब ओळखतात. गुहेच्या काळोखात डोळ्यांचा उपयोग तरी काय? पाय पुढे उगारून वास घेत बसणे, हाच त्यांचा व्यवसाय.

या गोचिडींचे दोन मोठे वर्ग आहेत आणि त्यांचे आहाराचे व्यवहार अगदी भिन्न आहेत. व्यापारी वाचकाला ते चटकन समजतील. एक कठीण पाठीची गोचीड. गाईच्या कानामागे दिसते ती याच वर्गातली. ती आयुष्यात तीनच वेळा जेवते. सहा पायांचे पिल्लू असताना एकदा, आठ पायांच्या कुमार अवस्थेत एकदा आणि पूर्ण वाढ झाल्यावर एकदा. प्रत्येक वेळी ती दिवसेंदिवस चिकटून राहते, फुगते आणि गळून पडते. शेवटच्या जेवणानंतर मादी सारी अंडी एकाच वेळी घालते आणि मरते. सगळे भांडवल एकाच सौद्यात घालण्यासारखा हा व्यवहार. दुसरी मऊ कातडीची गोचीड. तिची पाठ सुरकुतलेल्या चामड्यासारखी असते आणि वरून पाहिले तर तोंड दिसतच नाही, ते पोटाखाली दडलेले असते. तिचा व्यवहार किरकोळ उधारीचा. वटवाघळे दिवसा झोपली की ती भिंतीच्या फटीतून बाहेर येते, तासाभरात पोट भरून घेते, रक्तातील जादा पाणी पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून टाकून देते आणि परत फटीत जाते. प्रत्येक जेवणानंतर मादी थोडी अंडी घालते, पुन्हा भूक लागेपर्यंत थांबते आणि खाते चालू ठेवते. या जातीच्या गोचिडी अन्नावाचून महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे तग धरतात. खडतर उपवासाच्या कथा ऐकत वाढलेल्या समाजालाही थक्क करील, असा हा निराहार आहे. अर्थात त्यामागे संयम नाही, निरुपाय आहे.

मग एका गुहेतली गोचीड दुसऱ्या गुहेत जाते कशी? तिला पंख नाहीत आणि चालून ती फार लांब जाऊ शकत नाही. याचे उत्तर पिल्लाच्या अवस्थेत आहे. मऊ गोचिडीचे पिल्लू आपल्या आईसारखे घाईने जेवत नाही. ते वटवाघळाच्या अंगाला अनेक दिवस चिकटून राहते, आणि त्या काळात वटवाघूळ जेथे जाईल तेथे तेही जाते. युरोपपासून आपल्या देशापर्यंत पसरलेली आर्गस व्हेस्पर्टिलियोनिस ही गोचीड अशाच प्रवासाने खंडे ओलांडून गेली असावी.

कठीण पाठीच्या काही जातींनीही स्वतःला गुहेच्या जीवनाशी जुळवून घेतले आहे. युरोपातील गुहांमध्ये इक्सोडीस व्हेस्पर्टिलियोनिस ही गोचीड राहते. १८४४ साली कोख या जर्मन अभ्यासकाने तिची नोंद केली. तिचे पाय इतके लांब असतात की ती गोचीड आहे की कोळी, असा क्षणभर संभ्रम पडतो. उलटे लटकलेल्या वटवाघळापर्यंत पोहोचायचे तर खडबडीत छतावरून आणि भिंतीवरून दूरवर चालावे लागते, त्यासाठी ही लांबी. नर बहुधा वटवाघळावर जातच नाही. तो भिंतीवरच मादीची वाट पाहतो. तिचीच एक बहीण, इक्सोडीस सिम्प्लेक्स, हिने मात्र उलट मार्ग धरला. तिचे पाय आखूड आहेत आणि लांब पंखांच्या एकाच कुळातील वटवाघळांशी ती इतकी एकनिष्ठ आहे की त्यांच्या अंगाबाहेर ती क्वचितच आढळते. भिंतीवर भरवसा ठेवणारी एक आणि यजमानावर भरवसा ठेवणारी दुसरी.

यजमानही स्वस्थ बसत नाही. वटवाघळे तासन्‌तास पायांच्या नखांनी आणि दातांनी अंग विंचरत असतात. माद्या पिल्ले घालण्यासाठी ऊबदार जागी मोठ्या संख्येने एकत्र येतात, तेथे परजीवींची चंगळ होते, कारण पिल्लांना अजून अंग साफ ठेवता येत नाही. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. एवढ्या लहान देहाच्या प्राण्यात ही संख्या फारच थोडी आहे. उंदराची एक जोडी वर्षभरात घर भरून टाकते, पण वटवाघळांची एक वसाहत उजाड झाली तर ती पुन्हा उभी राहायला अनेक वर्षे लागतात. हा हिशेब पुढे उपयोगी पडणार आहे.

सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे अरण्य आहे. १९५७ साली तेथे वानरे आणि माकडे पटापट मरू लागली आणि भोवतालच्या गावांतली माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, शास्त्रज्ञ तेथे पोहोचले. पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली धास्ती होती. निघाला तो निराळाच विषाणू, रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक. उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांबरोबर तो आला असावा, अशीही शंका तेव्हा होती आणि त्या शंकेमुळेच सालिम अलींच्या पक्षी-कडे लावण्याच्या मोठ्या कार्याला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले. रोगाला त्या अरण्याचे नाव मिळाले. कन्नडमध्ये त्याला ‘मंगन काइले’ म्हणतात, मराठीत माकडताप. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी भागात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोहोचला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांना त्याची ओळख झाली. सागर तालुक्यातील अरलगोडू परिसराने २०१८-१९ च्या हंगामात त्याचा मोठा आघात सोसला.

हा विषाणू मुख्यत्वे वाहून नेते ती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची कठीण पाठीची गोचीड. तिचे ऋतुचक्र पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात वाढ झालेल्या गोचिडी गुराढोरांवर पोट भरतात आणि पालापाचोळ्यात अंडी घालतात. पावसाळा सरल्यावर पिल्ले निघतात. मार्गशीर्षापासून ज्येष्ठाच्या तोंडापर्यंत त्या कुमार अवस्थेत असतात, आकाराने खसखशीच्या दाण्याएवढ्या, आणि माणसाला चावतात त्या याच वेळी. जंगलात माकड मेले की थंड पडलेल्या देहावरून गोचिडी उतरतात आणि नव्या यजमानासाठी आसपासच्या पाचोळ्यात थांबतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या जागेपासून दूर राहावे, असे आरोग्य खाते बजावत असते.

या चौकशीत वटवाघळेही आली. पुण्याच्या संशोधकांना मलनाडातील नालमुखी वटवाघळांत, तसेच ऑर्निथोडोरॉस कुळातील मऊ गोचिडींत हाच विषाणू आढळला. ही माहिती १९६९ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी धांडा आणि राजगोपालन या अभ्यासकांनी वटवाघळांवरील अशा एका गोचिडीला ‘वटवाघूळप्रिय’ अशा अर्थाचे नाव देऊन शास्त्रात तिची नोंद केली. यावरून वटवाघूळच या रोगाचे मूळ, असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. चोपडीत नाव सापडले म्हणजे सारे देणे त्याचेच, असे कोणताही जाणता मुनीम म्हणणार नाही. माणसाला होणारा माकडताप हा जमिनीवरच्या पाचोळ्यातून येतो, गुहेच्या छतावरून नव्हे. वटवाघळांची मऊ गोचीड आपल्या फटीत आणि आपल्या यजमानात रमलेली असते. तिला माणसाची ओढ नाही.

ओढ लागते ती यजमान हरवल्यावर. जुन्या इमारतीच्या माळ्यावरची वटवाघळे एकाएकी हुसकून लावली, धूर केला किंवा औषध फवारले, की फटीतल्या गोचिडी तशाच राहतात. त्यांच्या निराहार राहण्याच्या ताकदीचा उल्लेख वर आलाच आहे. भूक असह्य झाली की त्या खाली उतरतात आणि खाली झोपलेल्या माणसाला चावतात. आर्गस गोचिडीने माणसाला चावल्याच्या नोंदी युरोपात आहेत, त्या बहुधा वटवाघळांच्या वस्तीच्या घरांतल्याच. मध्य आशियात किरगिझस्तानमध्ये १९७० साली वटवाघळांत आणि त्यांच्या याच गोचिडींत इस्सिक-कूल नावाचा विषाणू मिळाला, तो माणसालाही बाधतो. मेलेल्या माकडाच्या देहावरून उतरणारी गोचीड आणि ओस पडलेल्या छतावरून उतरणारी गोचीड, या दोहोंची प्रेरणा एकच आहे.

करोनाच्या साथीनंतर ठिकठिकाणी वटवाघळांविषयी भीती पसरली. जुन्या बस्त्या, धर्मशाळा आणि मठांच्या व्यवस्थापकांपुढेही हा प्रश्न येतो. दुर्गंधी, विष्ठा, दर्शनार्थींची तक्रार. ही तक्रार खोटी नाही. गर्भगृहाच्या शुचितेचा विचार व्हायलाच हवा. परंतु फवारणी करणाऱ्याला बोलावून एका दुपारी सारा निकाल लावणे, हा संकल्पी हिंसेचा मार्ग आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे तो व्यवहारातही तोट्याचा आहे. दुसरा मार्ग वेळखाऊ आहे, पण सरळ आहे. आईच्या अंगाला पिल्ले असतील त्या दिवसांत हात लावायचा नाही. पिल्ले उडू लागल्यावर, वटवाघळे रात्री बाहेर पडतात त्या फटींवर आतून बाहेर जाता येईल पण बाहेरून आत येता येणार नाही, अशी जाळी सोडायची. काही रात्रींनी वस्ती मोकळी झाली की फटी चुन्याने बुजवायच्या, म्हणजे आतल्या गोचिडींनाही खाली यायला वाट उरत नाही. तोवर त्या खोलीत कोणाची शय्या घालायची नाही. वस्ती मोठी असेल किंवा गुहेत असेल तर वनखात्याला विचारल्यावाचून काहीच करू नये. एखादी गुहा, पडका माळा त्यांच्याकडे राहू द्यावा. कीटकभक्षी वटवाघूळ रात्रभर डास आणि पिकांवरचे पतंग टिपत असते, ही सेवा ते बिनपगारी करते.

याहून नाजूक प्रश्न मुनिविहाराचा आहे. चातुर्मास संपला की त्यागीजन विहाराला निघतात, आणि मलनाडात पाचोळ्यातल्या गोचिडींचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. दिगंबर मुनी अनवाणी चालतात, देहावर वस्त्र नाही, हाती पिच्छी आहे. शास्त्राने बावीस परीषहांत दंशमशक परीषह गणला आहे. डास, गोचिडींचे दंश समभावाने सोसणे हा त्यांचा आचार आहे आणि त्याविषयी श्रावकाने बोलणे अनुचित होय. पण श्रावकांचे कर्तव्य श्रावकांनी ओळखावे. रानातील पायवाट टाळून डांबरी रस्त्याने विहाराचा मार्ग आखता येतो. मुक्कामाची जागा जंगलाच्या कडेची नसावी, अंगण आधी झाडून पाचोळा दूर केलेला असावा, आणि त्या भागात अलीकडे माकडे मेली आहेत काय, याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच करून ठेवावी. संघाबरोबरच्या माणसांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारे प्रतिबंधक तेल लावावे, सायंकाळी गरम पाण्याने अंग धुवावे. गोचीड चिकटलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल किंवा विस्तव लावू नये. त्याने जीव तर जातोच, शिवाय विषाणू पसरण्याचा धोकाही वाढतो. पुढील काही दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी जाणवली तर वैद्यांना मलनाडचा प्रवास सांगितल्यावाचून राहू नये.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच पेढ्यांपर्यंत येते. शिरसी आणि सागर या सुपारीच्या मोठ्या बाजारपेठा. मलनाडातील सुपारीच्या बागांना ‘सोप्पिन बेट्ट’ नावाचे राखीव रान जोडलेले असते. त्यातला पाला आणून बागेत पसरतात. उन्हाळ्यात डोक्यावरून सुक्या पाल्याचे भारे वाहणाऱ्या बायका आणि मजूर माकडतापाला प्रथम बळी पडतात. दर क्विंटलला काय भाव फुटला, हे पेढीवर सगळ्यांना ठाऊक असते. पाला कोणी वाहिला, हे चोपडीत येत नाही. त्या गावांत प्रतिबंधक तेलाच्या बाटल्या आणि तपासणीसाठी वाहन पुरवणे, हे कोणत्याही व्यापारी मंडळाला सहज जमण्याजोगे दान आहे.

सागरहून हुमच्याला पोहोचेपर्यंत दिवस कलतो. सांतर राजवंशाची ही राजधानी. जिनदत्तरायाने ती वसवली आणि पद्मावती मातेने त्याला निर्गुंडीच्या झाडाखाली दर्शन दिले, अशी परंपरा आहे. चट्टलदेवीने इ.स. १०७७ मध्ये उभारलेली पंचकूट बस्ती आजही आपल्या मानस्तंभासह उभी आहे. मार्चच्या सुमारास रथोत्सवाला अफाट गर्दी लोटते. आरती संपवून यात्रेकरू मुत्तिन केरे या तळ्याच्या काठी येतात, तेव्हा आकाशात अजून थोडा उजेड असतो. डोंगराच्या बाजूने लहान लहान सावल्या येतात, पाण्याला ओझरता स्पर्श करून एकेक घोट घेतात आणि सुपारीच्या शेंड्यांवरून अंधारात शिरतात. त्यांतील एखादीच्या कानामागे, पंखाच्या मुळाशी सहा पायांचा एक इवला प्रवासी असतो. तोही त्या रात्री तिच्याबरोबर नव्या गुहेकडे निघालेला असतो.